अर्धी पळी

सहा तासांनंतर पेंटरने स्लो कुकरचे झाकण पहिल्यांदा उचलले. वाफ चष्म्यावर बसली. काचा निवळेपर्यंत तो तसाच उभा राहिला. आत सूपासाठी टाकलेले मका, कांदा आणि बटाटे मंद आचेवर एकमेकांत विरघळत चालले होते.

जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला हा माणूस. फूटपट्टीशिवाय सरळ रेघ ओढायचा. आता त्याचा उजवा हात दिवसभर थरथरत असे. झोपेत तेवढा थांबे.

जावयाने भांड्यात डोकावून पाहिले. "बाबा, हे बटाटे कापलेत की फोडलेत?"

"दोन्ही, जावईबापू. सकाळपासून आत बसलेत. एवढ्या वेळात कसाही कापलेला बटाटा वठणीवर येतो."

मुलगी हसली नाही. टेबलावर तिच्यासमोर ज्येष्ठ निवासाचा अर्ज होता. नाव, जन्मतारीख, रक्तगट, सारे तिने स्वतःच्या अक्षरात भरून आणले होते. रिकामी होती ती शेवटची, सहीची चौकट. मागच्या महिन्यात गॅसवर टॉवेल पेटला, तेव्हा मुलगी शेगडीच उचलून घेऊन गेली होती. त्यानंतर आठवड्याच्या आत पेंटर कोपऱ्यावरच्या दुकानातून हे विजेचे भांडे काखोटीला मारून आला. आणि आज त्यानेच दोघांना जेवायला बोलावले होते.

"बाबा, तिथली एक खोली रिकामी झालीये. उद्यापर्यंत कळवायचंय. सही करून टाका, मग निवांत जेवू."

"दूध घालायचं राहिलंय."

"मी घालते."

"तू नको. तुला धीर नसतो, आधीच ओततेस. मग ते फाटतं."

त्याने पातेले दोन्ही हातांनी धरले. थोडे दूध ओट्यावर सांडले, बाकीचे भांड्यात गेले. जावयाने फडके घेऊन ओटा पुसला.

"हात बघा ना तुमचा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "साधा चहाचा कप धरवत नाही. तुम्ही इथे एकटे, आणि तिकडे मला झोप लागत नाही. माहितीये का तुम्हाला?"

हे त्याला माहीत नव्हते. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे त्याने आज पहिल्यांदाच नीट पाहिली. मग तो खुर्ची ओढून बसला आणि त्याने पेन उचलले. पेनाचे टोक रिकाम्या चौकटीभोवती भिरभिरत राहिले. कागदाला टेकले नाही.

"ज्या हाताला घर सांभाळता येत नाही म्हणतेस," तो म्हणाला, "त्याच हाताची सही तुला कशी चालते गं?"

जावयाला खोकला आला; हसू असावे. पेंटरने पेनाला टोपण लावले आणि ते मुलीसमोर ठेवून दिले.

दूध तापायला वीस मिनिटे लागली. तेवढा वेळ कुणी अर्जाचा विषय काढला नाही. मग त्याने भांडे टेबलावर आणवले आणि पळी मात्र स्वतःकडे ठेवली.

पहिली पळी त्याने काठोकाठ भरली. मुलीच्या वाडग्यापर्यंत पोचेतो निम्मी टेबलावर सांडली. मुलीचा हात चटकन पुढे आला.

"बसून राहा."

टेबलावर पसरलेल्या सुपाकडे तो क्षणभर पाहत राहिला. पाटीवर पुढचे अक्षर कुठे बसेल, याचा अंदाज घ्यावा तसा. दुसरी पळी त्याने अर्धीच भरली. ती हलत हलत गेली, पण थेंबही सांडला नाही. मग पुन्हा अर्धी. मग आणखी अर्धी.

"वेळ लागेल," तो म्हणाला. "भूक आवरत नसेल तर पाव खा तोवर."

मुलीने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, आणि वाडगा भरेपर्यंत ती तशीच बसून राहिली.