घुमटातला आवाज

डिचोलीची अक्षता तारांगणात निवेदिका झाली आणि पहिल्याच कार्यक्रमाला आईवडिलांना पणजीला घेऊन आली. दिवे मालवले, घुमटावर तारे उमटले. "हा सगळ्यांत तेजस्वी तारा," ती माइकवर म्हणाली, "व्... व्..." आणि अडली. लहानपणापासून अडखळणाऱ्या लेकीचे शब्द गंगाच पुरे करत आली होती. हे निवेदन तर महिनाभर घरी ऐकून तिला तोंडपाठ झालं होतं. काळोखात सगुणने बायकोला कोपराने ढोसलं. गंगा गप्पच.

"व्याध!" अक्षताचा आवाज घुमटभर घुमला आणि पुढे खळाळत राहिला.

"शब्द आठवलो नाय तुका?" सगुणने विचारलं.

गंगा ताठ मानेने म्हणाली, "आठवललो. पण आज तो तिचो होतो."