फरंगीसची सही

"हे चित्र माझंच," फरंगीस म्हणाली आणि तौकीरने पुढे केलेल्या, तसं लिहिलेल्या कागदावर तिने सही केली.

साक्षीदार म्हणून खाली ग्लेनिसने सही केली, रेसिडेंट आयडीचा नंबर घातला. दोन वर्षांतलं हे चौथं चित्र. सहीही चौथी.

"शुक्रिया, खानम," तौकीर म्हणाला. "उद्या फ्रेमवाला घेऊन जाईल." तो चित्रांचा दलाल होता. इराणमध्ये हरवलेली फरंगीसची चित्रं शोधून आणतो, असं सांगायचा.

फरंगीस शहाऐंशी वर्षांची होती. एके काळी तेहरानमध्ये तिच्या चित्रांवरून लोक हमरीतुमरीवर यायचे. चेहरे नाहीत, झाडं नाहीत. नुसत्या रंगांच्या पट्ट्यांतून ती गल्ल्या आणि बायका उभ्या करायची. क्रांतीनंतर ते सगळं गेलं. ती बहारीनला आली आणि पुन्हा कधी ब्रश हातात धरला नाही. मागेपुढे कोणी नव्हतं. तिथल्या झिंज भागातल्या फ्लॅटमध्ये तिची काळजी घ्यायला वसईची ग्लेनिस होती. दोघी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेनिस चित्रावरची धूळ पुसत होती. लांब दोरीवर वाळत घातलेल्या लाल चादरींसारखं काहीतरी होतं ते. कोपऱ्यात रंगाचा जाड थर होता. तिचं नख त्यात रुतलं. नखात ओला लाल रंग आला.

मागे तारीख होती, एकोणीसशे शहात्तर.

तिने बाल्कनीत जाऊन नवऱ्याला फोन लावला. वॉरन हूरा भागातल्या एका हॉटेलात ड्यूटीवर होता.

"रंग अजून ओला आहे, वॉरन. चित्र खोटं आहे आणि कागदावर माझी सही आहे."

"म्हातारीला दिसत नसेल. तू आजच सांग तिला. उद्या प्रकरण झालं तर व्हिसा खलास आपला."

ग्लेनिस आत आली. फरंगीस खुर्चीत बसून चित्राकडेच पाहत होती.

"मादाम, तौकीर तुम्हाला फसवतोय." तिने बोट पुढे केलं. "हे जुनं नाही."

फरंगीसने ते बोट हातात घेतलं, रंगाचा वास घेतला. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"माझी चित्रं अंगणात ढीग करून जाळली. मी खिडकीत उभी होते. एकही उरलं नाही," ती म्हणाली. "ही चारही माझी नाहीत."

"मग तुम्ही हो का म्हणालात? मला का सही करायला लावली?"

"नाही म्हटलं असतं तर पुढचं चित्र आलं नसतं. पहिल्या तिन्ही वेळा नुसता संशय होता. हे आलं आणि खात्री झाली. हे मी कधी काढलंच नाही, ग्लेनिस. काढायचं मनात होतं. कुठे लिहिलं नाही, कागदावर रेघ ओढली नाही. फक्त एका माणसाला सांगितलं होतं."

"कोणाला?"

"निलूफरला. माझ्या मुलीला." फरंगीसने ग्लेनिसचं बोट सोडलं नव्हतं. "तिला फाशी दिल्याचं पत्र मला त्र्याऐंशी साली आलं."