गालामागची गाठ

हिशेब सरळ होता. आईची तिरडी ज्याच्या घरून उठेल, तिच्या वाट्याचा विहिरीसकट संत्र्याचा बगीचा त्याचा. वाटणीच्या वेळी नातेवाइकांनी बसून तसं ठरवलं होतं. तेव्हापासून कौशल्याबाई भातकुलीजवळ थोरल्याकडे, चंद्रभानकडे होती. म्हणजे बगीचा चंद्रभानच्या खात्यात धरलेलाच होता. आता मात्र तो अकोल्याच्या धाकट्याला, मनोजला, हाताशी दिसू लागला.

निमित्त झालं म्हातारी मोरीत घसरल्याचं. डोक्याला मार लागला म्हणून अमरावतीला स्कॅन काढलं. चंद्रभानने रिपोर्टचा फोटो धाकट्याला पाठवला. "इंग्रजीत हाय. पाह्य बरं, काय लिवलं ते."

मनोज बियाण्यांच्या दुकानात कामाला. फवारणीच्या डब्यांवरचं वाचून वाचून त्याला गरजेपुरतं इंग्रजी येत होतं. मेंदू ठीक, हे त्याने भरभर वाचलं. शेवटच्या ओळीवर मात्र थांबला. डाव्या गालामागच्या सायनसमध्ये सिस्ट. सिस्ट म्हणजे गाठ. या वयात, डोक्यात गाठ! काढून काढून किती दिवस काढणार?

त्याने फोन लावला. "मेंदू एकदम चांगला हाय, दादा. पण तू लय केलं आईचं. आता मले करू दे."

थोरला भांडेल, नातेवाईक जमवेल, अशी मनोजची तयारी होती. चंद्रभान एवढंच म्हणाला, "कधी येतं न्याले?"

मनोजला आपला भाऊ भोळा वाटला.

अकोल्यात म्हातारीची चंगळ झाली. कूलरची खोली तिला मिळाली. मनोजची बायको रूपाली गरम भाकरीवर तूप वाढायची, रात्री पाय चेपायची. कधी काळी सासूच्या हाताला लागेल म्हणून चहाची साखर लपवणारी हीच रूपाली. येणारे-जाणारे म्हणायचे, पोरगा असावा तर असा. मनोज नम्रपणे मान खाली घालायचा.

उन्हाळा गेला, दिवाळी आली. म्हातारीचा डावा गाल फुगलेला दिसू लागला. मनोजने तिला उजेडात नेऊन, हनुवटी धरून, तो पुन्हा पुन्हा पाहिला. मग चेहरा होईल तेवढा दुःखी करून तिला अमरावतीला स्कॅनच्या वेळच्याच डॉक्टरकडे घेऊन गेला.

"गाठ वाढून राहिली, साहेब. किती टाइम हाय, खरं सांगा."

डॉक्टरांनी दोन्ही गाल दाबून पाहिले आणि हसले. "डावा काय, उजवाही तेवढाच आहे. हा गाल तुपाचा आहे हो! ती सिस्ट कित्येकांना असते. दुसऱ्याच कशासाठी स्कॅन काढलं की सापडते. काही करत नाही. आजी नव्वदी पार करतील. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की."

"कोणाले?"

"आजींनाच. आत त्या एकट्याच आल्या होत्या."

बाहेर आल्यावर मनोजने तिला थांबवलं. "आई, तुले माहीत होतं? मंग काहून सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं, तं तू आला असता काय न्याले?"

बसस्टँडवर तिला बाकावर बसवून त्याने भावाला फोन लावला. "दादा, आईले भातकुलीच्या गाडीत बसवून देतो. तिचं मन लागत नाही आमच्याकडं."

"डाक्तर काय म्हणला?"

"काहीच नाही झालं म्हणते. नव्वदी पार करते."

चंद्रभानचा आवाज पहिल्यापासूनच मोठा. बाकावर बसलेल्यालाही ऐकू जाईल असा.

"मंग आताच कायले पाठवतं? राहू दे तिथंच. आखरीले आणू."

मनोजने फोन खिशात टाकला. समोर भातकुलीची बस लागली होती, पलीकडे अकोल्याची. तो एकदा हिच्याकडे पाहत होता, एकदा तिच्याकडे. कौशल्याबाईने पदर सारखा केला, पिशवी उचलली.

"बसव कोणत्याबी गाडीत. म्हताऱ्या माणसाले एसटीत तिकीट नसते, बापा. तुमचं दोघायचं काहीच जात नाही."