पाठमोरी

"मासी, तमे आगळ बेसो," बोटवाल्यानं सांगितलं आणि कमल कायाकच्या पुढच्या जागेवर बसली. मागच्या जागेवर तिचा नवरा मारुती. दोघांच्या अंगात केशरी जॅकेटं, हातात एकेक वल्हं. काठावरून रेटा मिळाला तशी ती प्लॅस्टिकची अरुंद नाव डुचमळत तळ्यात शिरली.

येत्या सोमवारी सुरतेतली डिंडोलीची खोली सोडून दोघं कायमची गावी, कारंज्याकडं, जाणार होती. "जायच्या आधी एकदा तरी सुरतेत फिरून घ्या," म्हणत लेक स्वाती त्यांना इथं घेऊन आली होती. ती आणि जावई दुसऱ्या नावेतून बरेच पुढं निघून गेले होते.

यांची नाव मात्र गोल गोलच फिरत होती.

"डावीकून मारा," कमल म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, त्याला ऐकू गेलेलं नाही. बत्तीस वर्षं कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात उभं राहून मारुतीचे कान गेले होते. घरी ती समोर येऊनच बोलायची आणि तो तिच्या ओठांवरून शब्द ओळखायचा. इथं त्याला फक्त तिची पाठ दिसत होती.

तिनं डावीकडं वल्हं मारून दाखवलं. तिच्या हाताकडं बघत त्यानंही मारलं. नाव सरळ निघाली.

तळ्याच्या मध्यावर आल्यावर कमल हळूच म्हणाली, "मले नाही यायचं गावाले."

मागून वल्ह्याचा आवाज तसाच येत राहिला. तिला धीर आला.

"तुमी परस्पर ठरवलं. मले इचारलंच नाही. तिथं मी धाकटी जाऊ. मोठ्या भावजींच्या चुलीपाशी बसन अन् त्यायचं आयकन. इथं साडीवर खडे लावाले दहा बाया येतात माह्याकडं. कमलबाई म्हणतात मले. तुमाले तर हेबी ठावं नसन."

इतकं सगळं ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली होती, तेही पाण्याला. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं वल्हं नावेत ठेवलं, एक पाय उचलून अलीकडं घेतला, मग दुसरा. नाव जोरात कलंडली. मारुतीनं वल्हं मांडीवर टाकून दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या.

"काय करून राहिली? पडशीन ना."

कमल त्याच्याकडं तोंड करून बसली.

"मघापासून तुही मान हालून राहिली व्हती," मारुती म्हणाला. "मले वाटलं, भेव लागलं म्हून देवाचं नाव घेते."

"देवाचं नव्हतं." तिनं एकेक शब्द सुटा सुटा उच्चारला. "मले गावाले नाही यायचं."

मारुती तिच्या ओठांकडं बघत राहिला. शब्द कळले होते. तरी तो बघतच राहिला.

"हे आज सुचलं?"

"नाही. तुमी ठरवलं त्या दिवसापासून."

त्यानं मांडीवरचं वल्हं उचलून पायाशी ठेवलं. जॅकेटचा पट्टा सारखा केला. मग जरा पुढं झुकून म्हणाला, "सांग. पण सावकाश बोल."

तेवढ्यात काठावरून वेळ संपल्याची शिटी वाजली. मारुतीला ती ऐकू आली नाही. कमलला आली. तिनं काठाकडं पाहिलं नाही. ती बोलायला लागली.