दोन बोटं जागा

दोन बोटं मावेनात. आईने भिंगरीच्या डोक्यावर हात आडवा टेकवून सीटच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर पुन्हा पाहिलं. जेमतेम एक बोट. मग गळ्यातली टेप काढून तेच टेपने मोजलं. टेप थोडीच लाड करणार होती!

"हलू नकोस गं जरा."

"मी कुठे हलतेय? मी मोठी झालेय," भिंगरी म्हणाली.

नुकतं चौथं लागलेली ती पोर गाडीत मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेल्या आपल्या छोट्या खुर्चीत, उलटं तोंड करून बसली होती. जन्मल्यापासून ती अशीच बसत आली होती. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, खुर्चीच्या मापात बसतेय तोवर तोंड मागेच असू द्या, गाडीला धक्का बसलाच तर मान सांभाळली जाते. डोकं वरच्या कडेच्या दोन बोटं खाली राहिनासं झालं, की मग फिरवा. आई शिवणकाम करणारी. मापाच्या बाबतीत घरात तिचाच शब्द शेवटचा.

नवऱ्याची मात्र भुणभुण चालू असे. तो चष्मे बनवायचा. खिशात कायम काचा पुसायचा मऊ पिवळा फडका, आणि हाताला चाळा एकच, दिसेल ते पुसायचं. दर रविवारी गाडी पुसता पुसता तो हळूच विषय काढायचा.

"आता फिरवायची का गं सीट? पाय बघ कसे दुमडून बसते."

"पाय दुमडल्याने कुणाचं काही बिघडत नाही. मान महत्त्वाची."

"बरं, राहू दे."

एवढं बोलून तो पुन्हा पुसायला लागायचा. तिच्या मात्र डोक्यात तिडीक जायची. बापाला एवढी कसली घाई? पोर आपोआप मोठी होतेच आहे, तिला ढकलायचं कशाला?

खरं सांगायचं तर माप हे तिला आयतं मिळालेलं निमित्त होतं. डॉक्टरीणबाईंनी काहीही सांगितलं असतं, तरी तिला ती खुर्ची फिरवायची नव्हती. भिंगरीच्या वेळी हॉस्पिटलला जाताना ती पुढे बसली होती, कळा सोसत आणि नवऱ्याच्या नावाने शंख करत. येताना बाळाशेजारी मागे बसली, ती मागेच राहिली. त्या धांदलीत तिची एक चप्पल गेली, आवडती लाकडी केसांची क्लिप गेली. क्लिपसाठी नंतर तिने अख्खं घर उलथंपालथं केलं आणि शेवटी नाद सोडला. त्या दिवशी नवरा इतकी हळू गाडी हाकत होता, की एक सायकलवाला पुढे निघून गेला आणि जाता जाता आत डोकावून हसला.

तेव्हापासून गाडीतली तिची जागा ठरलेली. भिंगरीच्या शेजारी, तिच्या तोंडाकडे तोंड करून. पहिला दात तिला इथेच दिसला. डोळे मिटता मिटता मध्येच उघडून, आई आहे ना, हे बघणारी पोर तिने इथेच पाहिली. खुर्चीला जागा हवी म्हणून नवऱ्याशेजारची पुढची सीट पार पुढे ढकललेली होती. तिथे कुणी बसलंच असतं तर गुडघे हनुवटीला लागले असते. पण बसायचं होतं कुणाला?

आता मात्र टेपच फितूर झाली. "फिरव बाबा एकदाची," ती म्हणाली.

आपलंच खरं झालं म्हणून नवरा फुशारकी मारेल असं तिला वाटलं होतं. पण त्याने नुसती खुर्ची फिरवली, गुडघ्याने दाबून पट्टा आवळला, दोनदा हलवून पाहिली. मग पुढची सीट मागे सरकवली, तिची पाठ थोडी कलती केली, पुन्हा जराशी उचलली.

"ती कशाला नीट करत बसलास? निघू या ना."

"आता जागा झालीय ना," तो म्हणाला.

ती सवयीने मागेच बसली. गाडी निघाली. भिंगरीचा चेहरा आता समोरच्या काचेकडे होता, आईच्या वाट्याला नुसता गाल आला. तिला रडूच येणार होतं.

"अय्या, बाबाचं डोकं! आणि तो केवढा मोठा रस्ता!" भिंगरी टाळ्या पिटत होती. मग एकदम थांबली. "बाबाच्या बाजूला कोण बसतं?"

आरशात नवऱ्याचे डोळे क्षणभर दिसले आणि पुन्हा रस्त्याकडे गेले.

"आई बसायची," तो म्हणाला.

"मग आता का नाही बसत?"

त्या रविवारांची सगळी भुणभुण तिला एका दमात आठवली. "गाडी बाजूला घे," ती म्हणाली.

ती उतरून पुढे आली. सीटची पाठ तिला आवडायची तितकीच कलती होती. पाय सरळ पसरून तिने समोरची एसीच्या वाऱ्याची जाळी स्वतःकडे वळवायला हात नेला, तर हाताला काहीतरी लागलं. लाकडी क्लिप. कळा येत असताना डोकं मागे टेकेना, म्हणून तिनेच केसांतून काढून त्या जाळीला अडकवली होती.

"अरे, ही इथे होती? आणि मी घरभर शोधत होते! सांगितलं का नाहीस?"

"म्हटलं, बसलीस की सापडेल."

तिने क्लिपवरून बोट फिरवलं. धुळीचा कण नव्हता.