शनिवारचा आकडा

"मान सरळ. वाकलात की आकडा हलतो," ती म्हणाली आणि वजनकाट्यासमोर उकिडवी बसली.

नवऱ्याने श्वास रोखून भिंतीकडे नजर लावली. शनिवारी सकाळी, पोटात पाण्याचा घोटही जायच्या आत, हा सोहळा असे. एकच वार, एकच वेळ, एकच काटा, असं आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं. पहिल्या दिवशी अठ्ठ्याऐंशी बघून त्याने असा धसका घेतला, की तेव्हापासून वाचायचं काम तिचं.

"सांग लवकर. निकाल ऐकायला उभं केल्यासारखं वाटतंय."

"अठ्ठ्याहत्तर."

"म्हणजे अर्धा किलो खाली?"

"अर्धा किलो."

"बरोब्बर! आठवड्याला अर्धा, त्याहून घाई नाही. बाई मला बक्षीस देतील बघ."

"आई, सात आणि एक आहे," फरशीवर बसलेली मुलगी म्हणाली. ती नुकतीच अंक शिकली होती. दिसेल तो आकडा वाचत सुटायची.

"तिरकी बसलीस तू. अर्धाच दिसतोय तुला. आठ आहे तो."

"माझी हुशार पोर," नवरा हसत खाली उतरला. उतरताना त्याने दाराची चौकट धरली. "हल्ली जरा थकायला होतं, नाही?"

"वजन उतरताना होतंच."

तो शिंपी होता. दुकानातला भागीदार त्याला ढोल्या म्हणायचा. मापं घेताना वाकला की धाप लागायची. त्याचे वडील हृदयविकाराने गेले तेव्हा याच्याच वयाचे होते. मुलगी झाली तेव्हा त्याने बायकोला सांगितलं होतं, "हिच्या लग्नाचा पोशाख मीच शिवणार. तेवढं जगायचं ठरलंय आपलं." मग बाईंकडे नाव घातलं. गोड पेयं बंद, ताट लहान, त्यात निम्म्या भाज्या, घास सावकाश चावायचा, संध्याकाळी चालायचं, रात्री वेळेवर झोपायचं. त्याने सगळं निमूटपणे पाळलं.

न्याहारी झाल्यावर तो शिलाई मशीनपाशी बसला. स्वतःची पँट कमरेत पुन्हा आत घेत होता. गळ्यातली टेप त्याने कमरेभोवती फिरवली.

"गंमत बघ. टेप भरभर बोलते आणि तुझा काटा कंजूष. कंबर एवढी गेली आणि वजन आपलं अर्धा किलो, अर्धा किलो."

"इंच आधी जातात म्हणे."

"कोण म्हणे?"

"बाईच म्हणाल्या होत्या." ती भांडी पुसत राहिली. एकच पातेलं पुन्हा पुन्हा.

त्याने कात्री उचलली. शिवणीच्या आत नेहमी थोडा जास्तीचा कपडा सोडतात. माणूस जाड झाला तर उसवून सैल करता येतं. गिऱ्हाइकाचा तो कपडा त्याने आजवर कधी कापला नव्हता.

"अहो, तेवढा कापू नका."

"का? मी आता परत ढोल्या होतोय का?"

"राहू द्या ना आत. लागेल."

"अगं, नवऱ्यावर थोडा तरी विश्वास ठेव." कात्री चालली. पट्टी फरशीवर पडली. मुलीने ती बाहुलीच्या कमरेला गुंडाळली.

डबा भरता भरता तो पातेल्यात डोकावला. "आजही सूप? एक मानलं पाहिजे तुला. पथ्याचं खाणं म्हणजे गवत, असं भागीदार म्हणतो. त्याला चाखायला दिलं काल. म्हणाला, वहिनी यात काय घालतात?"

"काय सांगितलंत?"

"प्रेम घालते म्हटलं. लाजला बिचारा."

ती हसली. तेवढं हसू तिने राखून ठेवलेलं असायचं.

कोपऱ्यावरचा दुकानदार मात्र परवा चेष्टेने म्हणाला होता, "पुन्हा लोणी, वहिनी? आणि साय? घरात पथ्य आहे ना?"

"माझ्यासाठी हो," ती म्हणाली होती.

"मग बरोबर. तो उतरतोय, तुम्ही चढताय!"

दोन महिन्यांपूर्वी ती दोघं मुलीला घेऊन त्याच्या तपासण्यांसाठी डॉक्टरांकडे गेली होती. डॉक्टरांनी तिला एकटीलाच पुन्हा आत बोलावलं. नवरा बाहेर बाकावर मुलीला बोटं मोजायला शिकवत बसला. ती बाहेर आली तेव्हा त्याने विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, आनंदात ठेवा यांना."

"बघ! आणि तू रोज भोपळा खायला घालतेस." सगळा दवाखाना ऐकेल एवढ्याने तो हसला होता.

आताही तो तसाच हसत डब्याची वाट बघत उभा होता. "आण लवकर. भागीदाराला आजचा आकडा सांगायचाय."

"पायात घाला तोवर," ती म्हणाली. तो दारापाशी जाऊन बूट घालू लागला. एक बूट घालून मध्येच थांबला, दम घेतला, मग दुसरा.

ओट्याशी पाठ करून तिने फडताळातून वाटी काढली. वाटीभर लोणी सूपमध्ये सोडलं, वरून सायीचे दोन मोठे डाव, आणि विरघळेपर्यंत ढवळत राहिली. दोन महिने रोज ढवळत होती तशी. डबा बंद करून तिने त्याच्या हातात दिला. तो गुणगुणत जिना उतरला. दर पायरीला कठडा धरल्याचा आवाज येत होता. डॉक्टरांच्या वाक्यातला "आहेत तोवर" एवढाच भाग तिने त्याला कधी सांगितला नव्हता.

मुलगी बाहुली घेऊन तिच्या मागे येऊन उभी राहिली. अजून रुसलेलीच होती.

"मी तिरकी नव्हते बसले. सात आणि एकच होता. मागच्या शनिवारी सात आणि तीन होता. मला येतात अंक."

आई खाली बसली आणि तिने लेकीला जवळ ओढलं. "येतात गं राणी. अगदी बरोबर येतात."

"मग बाबा तर किती भराभर बारीक होतोय," मुलगी म्हणाली. "तू रडतेस कशाला?"