एक्स-रेत न दिसलेली चीर

"चाव," स्वप्नाली म्हणाली.

दाढेच्या एका टोकावर ठेवलेली प्लास्टिकची छोटी काडी संयोगितानं चावली. काही झालं नाही.

"सोड."

तरी काही झालं नाही. काडी दुसऱ्या टोकावर गेली. चाव. सोड. मग तिसऱ्यावर. संयोगिताला मनातून बरं वाटू लागलं. शाहूपुरीतल्या डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं, राजारामपुरीतल्यांनाही नाही. दोघांचे एक्स-रे स्वच्छ होते. आता हिलाही सापडणार नव्हतं. दाढ दुखत राहिली तरी चालेल, पण हिला सापडू नये, असं आपल्याला वाटतंय हे तिच्या लक्षात आलं. तिनं ते वाटू दिलं.

"चाव. आता सोड."

चावताना नाही, सोडताना कळ आली. थेट कानापर्यंत. खुर्चीच्या हातांवर तिची बोटं आवळली गेली.

"हीच," स्वप्नाली म्हणाली. "तडकलीय. दाबलं की चीर फाकते, सोडलं की मिटते. मिटताना कळ येते. चावताना दुखतं का, एवढंच विचारलं असेल तुला दोघांनी."

दाराजवळच्या बाकावर मुरगूडच्या धोंडुबाई कवळीचं माप देऊन एसटीच्या वेळेची वाट बघत बसल्या होत्या. त्या तिथनंच बोलल्या, "भिऊ नगंस पोरी. लई हलका हात हाय हिचा. माझी दाढ काडली तवा मला कळलं बी न्हाय. वळखीची हाय व्हय गं डाक्टर?"

"वर्गातली आहे, आजी. बारावीपर्यंत एका बाकावर होतो आम्ही. दरवर्षी पहिली यायची ही. हिच्या वह्या वाचून पास झाले मी."

"व्हय? मग डाक्टर तू कशी झालीस? ही का न्हाय झाली?"

संयोगिताच्या तोंडात आरसा होता आणि लाळ ओढणारी नळी होती.

"ही कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, आजी," स्वप्नाली घाईनं म्हणाली.

"त्ये बी बरंच हाय की," धोंडुबाई म्हणाल्या. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर बोलतात तशा.

स्वप्नालीनं खोलीतला दिवा बंद केला आणि पेनासारख्या बारीक टॉर्चचा उजेड दाढेला बाजूनं लावला. फोटो काढून मोबाईल संयोगितासमोर धरला. अर्धी दाढ केशरी उजळली होती, अर्धी काळीच होती. उजेड मधल्या चिरेपर्यंत येत होता आणि तिथंच थांबत होता. इतकी साधी युक्ती. वर्गात पोरांना दाखवावा असा फोटो होता, आणि तो स्वप्नालीनं काढला होता. संयोगितानं मान वळवली.

मग स्वप्नालीनं एक बारीक सळई हिरडीच्या कडेनं फिरवली. सगळीकडं ती जेमतेम आत जात होती. एका जागी मात्र खाली खाली जात राहिली. स्वप्नालीनं ती बाहेर काढली, पुन्हा तिथंच घालून बघितली. तोंडावरचा मास्क खाली ओढून ती स्टुलावर मागं सरकली.

"कधीपासनं दुखतंय?"

"दसऱ्यापासून."

"काही कडक चावलं होतंस?"

"सुपारी."

"तू? तू कधीपासनं पान खायला लागलीस?"

दसऱ्याला याच दवाखान्याचं उद्घाटन होतं. बारावीचे सर माइक हातात घेऊन म्हणाले होते, "माझ्या हाताखालनं गेलेली सगळ्यात हुशार पोरगी." सगळ्यांनी स्वप्नालीकडं बघून टाळ्या वाजवल्या होत्या. संयोगिताच्या तोंडात त्या वेळी पान होतं.

"खाल्लं कुठंतरी," ती म्हणाली.

"तेव्हाच यायचं की गं. चीर वरवर होती तोवर कॅप बसवून दाढ आवळून ठेवली असती. आयुष्यभर टिकली असती." स्वप्नालीचा आवाज बारीक झाला. "आता मुळात उतरलीय. काढावीच लागणार. संक्रांत होऊन गेली, संयू. तुझ्या घरामागच्या गल्लीत तर बसते मी. कुठं कुठं फिरलीस?"

संयोगितानं उत्तराऐवजी तोंड उघडलं.

हात खरंच हलका होता. सुई कधी गेली कळलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, बाहेर पडल्यावर कुणाला तरी सांगता आलं असतं. दाढ दोन तुकड्यांत निघाली. स्वप्नालीनं खड्ड्यावर कापसाचा बोळा ठेवला आणि तिची हनुवटी हलकेच वर ढकलली.

"तासभर दाबून धर. थुंकायचं नाही, बोलायचं नाही."

धोंडुबाई केव्हाच निघून गेल्या होत्या. स्वप्नाली पाठमोरी होऊन बेसिनवर हात धुवायला लागली. पाण्याच्या आवाजातच तिनं विचारलं, "त्या दिवशी जेवायला न थांबताच गेलीस तू. मी सगळ्यांना विचारत फिरत होते, संयू कुठं गेली म्हणून. बाकीचे म्हणत होते छान झालाय, छान झालाय. मला तुझ्याकडनं ऐकायचं होतं. आवडला नाही व्हय तुला दवाखाना?"

तिनं नळ बंद केला आणि एकदम वळली. "अगं, बोलू नकोस! मी पण वेडीच."

बोलायला बंदी होती. मान हलवायला नव्हती.

स्वप्नाली हात पुसत, तिच्याकडं बघत उभी राहिली. हात कोरडे झाले तरी पुसत राहिली.

संयोगितानं मान न हलवता कापूस आणखी घट्ट दाबला.